हुरड्याची थंडी

युरोपात हिवाळा म्हणजे सोसायचा काळ. सोलापूरकर मात्र त्याची वाट पाहतात. मे महिन्यात पारा चाळिशीपार गेल्यावर दुसरं काय करणार? पण कारण नुसत्या गारव्याचं नाही, भाकरीचंही आहे.

इथला पाऊस बेभरवशाचा. सप्टेंबर-ऑक्टोबरात पेरलेला शाळू काळ्या रानात मुरलेल्या ओलीवर वाढतो. मोहोळच्या संशोधन केंद्रातलं 'मालदांडी ३५-१' हे त्याचंच प्रसिद्ध वाण. थंडीत कणसं दुधाळ झाली की शेतात गोवऱ्यांची आगटी पेटते. गरम कणीस तळहातावर चोळायचं, हुरडा तोंडात टाकायचा, सोबत शेंगाचटणी.

ही मौज होतीच, पण यंदा घरात ज्वारी येणार याची खूणही होती. १९७२च्या दुष्काळात पिकं बुडाली आणि रानातली माणसं खडी फोडायला गेली.

संक्रांतीला गड्डा यात्रा भरते ती सिद्धरामेश्वरांची. १२व्या शतकात त्यांनी तलाव खोदवला, असं परंपरा सांगते. कोरड्या मुलखाने पाणी साठवणाऱ्यालाच दैवत मानलं.

आता हुरडा पार्टीचं बुकिंग मोबाइलवर होतं. जरूर जा. फक्त आगटीपाशी बसल्यावर शेतकऱ्याला विचारा, यंदा ओल किती होती?