उसाचे रानटी पितृकुळ
दख्खनच्या पाटपाण्यावर पोसलेला जाड, रसाळ पुंड्या ऊस मागे पडला आणि त्याची जागा को ४१९ या वाणाने घेतली. हे श्रेय आपण कालव्यांना, कारखान्यांना देतो. वाणाची वंशावळ सहसा कोणी पाहत नाही. या वाणाची आई जावातला पीओजे २८७८, बाप कोइमतूरचा को २९०, आणि दोन्ही घराण्यांत मागे नदीकाठचे काश गवत. जावात १८८०च्या दशकात सेरे रोगाने जाड ऊस बसवला. त्याला दाद न देणारा कासूर हा जाड ऊस आणि काश यांचा आपोआप झालेला संकर होता. त्याच्या वंशाला पुन्हा पुन्हा जाड उसाची जोड देत प्रजननकार येस्विट यांनी १९२१मध्ये पीओजे २८७८ तयार केला. कोइमतूरचे ऊस प्रजनन केंद्र १९१२चे. तिथे प्रजननकार बार्बर आणि वेंकटरामन यांनी ‘वेल्लै’ या जाड उसाचा तिथल्याच काशाशी संकर केला आणि १९१८मध्ये को २०५ उत्तर हिंदुस्थानातल्या शेतांत पोचला. गोडी आईची, काटकपणा बापाचा.

दोन जातींच्या संकरातून नवा ऊस घडणे ही उत्क्रांतीचीच एक वाट. ही तर माणसाची करामत, हिला उत्क्रांती कसे म्हणायचे, असा आक्षेप येईल. निवड माणसाची होती हे खरेच. पण संकराची वाट त्याने पाडलेली नाही. उत्तर हिंदुस्थानातले जुने बारीक ऊसही अशाच संकरातून आले, आणि तेव्हा उसाचे कृत्रिम परागीकरण कोणी करत नव्हते. शिवाय या संकरात जाड उसाची मादी आपली ८० गुणसूत्रे निम्मी न करता बहुधा सगळीच पुढे देते. त्यामुळे पुन्हा जाड उसाची जोड दिली की दोन-तीन पिढ्यांतच गोडी परतते आणि काशाचा वाटा दहा-वीस टक्क्यांवर येतो. ही खोड वनस्पतीची स्वतःची. प्रजननकारांनी तिचा फक्त फायदा उठवला. संकर वांझ निघतात, हा दुसरा आक्षेपही इथे लंगडा पडतो. पुष्कळ संकर फळतात, आणि न फळले तरी टिपरीने लावायच्या पिकाचे बियांवाचून काय अडते?

तिसरा आक्षेप मात्र टाळता येत नाही. सुरुवातीच्या संकरांत वापरलेली मूळ रोपे मूठभर होती आणि पुढचे बहुतेक वाण त्यांच्याच वंशजांना आपसांत जुळवून काढले गेले. आधी जातींची सीमा ओलांडून मिळवलेली विविधता मग भाऊबंदांतच फिरत राहिली. काशाच्या नव्या रोपांसाठी कोइमतूरच्या संशोधकांना ईशान्य भारतापर्यंत जावे लागले ते यामुळेच.