फादर स्टीफन्स यांचे रोम

एकोणिसाव्या शतकात वेरूळची लेणी पाहण्यास निघालेले परदेशी प्रवासी आमच्या नांदगाव स्थानकावर उतरत आणि पुढचा रस्ता गाडीने कापत. आम्ही नांदगावकर दोन दिवसांसाठी रोमला गेलो, ते मात्र पायीच हिंडलो. ‘क्रिस्तपुराण’कर्ते फादर थॉमस स्टीफन्स यांनी पाहिलेले रोम आज कितीसे सापडते, एवढेच आम्हांस पाहावयाचे होते.

मूळचे इंग्लंडमधील विल्टशायरचे स्टीफन्स २० ऑक्टोबर १५७५ रोजी येथील क्विरिनाल टेकडीवरील सांत आंद्रेआ मठात येशूसंघाचे नवदीक्षित म्हणून दाखल झाले. मायदेशी कॅथलिकांना उघडपणे उपासना करणे अशक्य झाले होते. इकडे रोममध्ये पोप तेरावे ग्रेगरी यांनी जाहीर केलेले पवित्र वर्ष चालू होते आणि यात्रेकरूंनी रस्ते फुलून गेले होते. आम्ही प्रथम ती टेकडी चढलो. रस्त्याच्या एका अंगास राष्ट्राध्यक्षांचा प्रासाद, दुसऱ्या अंगास लंबवर्तुळाकार, संगमरवराने झळाळणारे सांत आंद्रेआ मंदिर. परंतु हे मंदिर बर्निनीचे, १६५८ साली बांधावयास घेतलेले. आणि बर्निनीचा जन्मच १५९८चा. तोवर स्टीफन्स यांना गोव्यात येऊन एकोणीस वर्षे झाली होती! शेजारच्या मठात संत स्तानिस्लास कोस्का यांचा रंगीत संगमरवरात कोरलेला मृत्युशय्येवरील पुतळा आहे. सतरा वर्षांचा हा पोलिश नवदीक्षित १५६८ साली याच मठात निवर्तला. पुतळा नंतरचा असला तरी त्या मुलाची आठवण स्टीफन्स यांच्या काळी मठात ताजीच असणार.

टेकडी उतरून वीसेक मिनिटांत आम्ही येशूसंघाच्या ‘जेझू’ या मुख्य मंदिरापाशी आलो. दुपारी ते बंद असते. म्हणून तसेच पुढे टायबर नदीकडे निघालो. सांत आंजेलो पुलावरील देवदूतांच्या मूर्ती पाहण्यास प्रवासी थबकतात. त्याही १५७५ साली नव्हत्या. संत पेत्राच्या महामंदिरासमोर उभे राहिलो, तेव्हा तर मनाने वजाबाकीच करावी लागली. चौकातला स्तंभ येथे १५८६ साली आणला गेला, भोवतीची खांबांची ओळ सतराव्या शतकातली, घुमट १५९०चा. स्टीफन्स यांनी पाहिली ती घुमटाविना उभी असलेली वर्तुळाकार भिंत आणि पुढे जुन्या मंदिराचा उरलेला भाग. रोम म्हणून आज ज्याची चित्रे घरोघरी लागतात, ते त्यांनी पाहिलेच नाही. आम्हांस तर ते अर्धवट रोमच अधिक जवळचे वाटले.

४ एप्रिल १५७९ रोजी त्यांनी लिस्बन सोडले आणि २४ ऑक्टोबरला गोवा गाठला. पुढची चाळीस वर्षे त्यांनी तेथेच, बहुतांशी साष्टीत काढली. परमुलुखात आलेल्या या इंग्रजाने मराठीत जवळजवळ अकरा हजार ओव्या रचल्या.

सायंकाळी जेझूचे दार उघडले. आत संत फ्रान्सिस झेवियर यांचा उजवा हात जतन केलेला आहे. गोव्यातील त्यांच्या देहापासून १६१४ साली तो वेगळा करून येथे पाठविण्यात आला. तेव्हा स्टीफन्स साष्टीत होते. दोनच वर्षांनी, १६१६ साली, रायतूर येथे ‘क्रिस्तपुराण’ छापून झाले. पुढे १६४९ आणि १६५४ साली त्याच्या आणखी दोन आवृत्त्या निघाल्या. परंतु या तिन्हींपैकी एकाही आवृत्तीची प्रत आज उपलब्ध नाही. आपल्या हाती आहे तो पाठ १९०७ साली जोसेफ साल्ढाना यांनी हस्तलिखितांवरून मंगळूरला छापला, म्हणून उरला.