वॉटर्लूचे कथलाचे साक्षीदार

इतिहासलेखकाला एक सवलत असते. ती कथलाचा शिपाई रंगविणाऱ्याला नसते. ‘त्या सुमारास अमुक पलटण बहुधा उतारावर असावी’ असे लिहून लेखक पुढे सरकतो. परंतु ज्याला त्या पलटणीचा शिपाई ओतून, रंगवून जागेवर उभा करावयाचा आहे, त्याच्या कुंचल्याला ‘बहुधा’ हा रंग ठाऊक नाही. गळपट्टी निळी किंवा पिवळी, तिसरी वाट नाही.

अठराव्या शतकात न्यूरेंबर्गच्या हिल्पर्टने असे चपटे शिपाई विकावयास काढले, ते मुलांसाठी. 1913 साली एच. जी. वेल्सने ‘लिटल वॉर्स’ या पुस्तकात त्यांच्या लढाईचे नियम बसविले आणि मोठ्यांना खेळावयास लावले. आज मेजावर जुन्या लढाया लढणारे हौशी लोक शिपायाच्या कफांच्या रंगावरून जो वाद घालतात, तो कित्येकांना पोरखेळ वाटतो. तो पोरखेळ नव्हे, हे विल्यम सायबोर्न याची हकीकत वाचली म्हणजे पटते.

लेफ्टनंट सायबोर्नवर 1830 साली ब्रिटिश लष्कराने वॉटर्लूच्या रणभूमीची प्रतिकृती तयार करण्याचे काम सोपविले. हा गृहस्थ ला हे सँत या, लढाईत गाजलेल्या, वाड्यात आठ महिने जाऊन राहिला आणि त्याने तेथील चढउतार मोजले. मग त्याने जे केले त्याचे माझ्यासारख्या वकिलाला फार कौतुक वाटते. हयात असलेल्या अधिकाऱ्यांना त्याने छापील प्रश्नावली पाठविली. 18 जून 1815 रोजी सायंकाळी सातच्या सुमारास, नेपोलियनची शाही गार्ड चढाई करीत असता, आपली पलटण कोठे होती? समोर शत्रू कोणत्या रचनेत होता? शेतात पीक कोणते होते? शेकडो उत्तरे आली. साक्षीदार थकले होते, पंधरा-वीस वर्षे लोटली होती, आणि प्रत्येकाची नजर स्वतःच्या पलटणीपुरती होती. तरीही एका लढाईबद्दल इतक्या साक्षी लेखी गोळा करण्याचा उद्योग तोवर कोणी केला नव्हता. त्यांतील निवडक पत्रे त्याच्या मुलाने 1891 साली छापली. अभ्यासक आजही ती चाळतात.

साक्षी आल्या तशा विसंगतीही आल्या. गार्डला मागे कोणी रेटले? मेटलंडच्या पायदळ गार्डांनी, की कोलबर्नच्या 52व्या पलटणीने? पहिल्यांना ‘ग्रेनेडियर’ ही पदवी त्याच वर्षी बहाल झाली होती, आणि दुसऱ्यांची तक्रार पुढे अर्धे शतक धुमसत राहिली. कागदावर दोघांचेही म्हणणे नोंदवून मोकळे होता येते. प्रतिकृतीत मात्र निळ्या कफांचे शिपाई कोठे आणि फिकट पिवळ्या कफांचे कोठे, हे ठरवावेच लागते.

याहून मोठा पेच प्रशियनांचा होता. सायबोर्नने बर्लिनकडूनही माहिती मागविली होती. तिच्या आधारे त्याने सातच्या सुमारास नेपोलियनच्या उजव्या बगलेवर जे प्रशियन सैन्य मांडले, ते ड्यूक ऑफ वेलिंग्टन याला रुचले नाही. हा वेलिंग्टन म्हणजे 1803 साली असईला शिंदे-भोसल्यांशी लढलेला आर्थर वेलस्लीच. प्रशियन मदतीचा उल्लेख त्याने लढाईच्या दुसऱ्या दिवशी लिहिलेल्या खलित्यात केला होता. पण खलित्यातली ओळ निराळी आणि डोळ्यांपुढे रांगेने उभे राहिलेले हजारो शिपाई निराळे. ही प्रतिकृती प्रशियनांना वाजवीपेक्षा अधिक श्रेय देते, असा त्या पक्षाचा आक्षेप होता. अखेर सायबोर्नने प्रशियन शिपायांपैकी मोठा भाग उचलला. पुराव्याने त्याचे मन वळले की दडपणाने, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. मला दुसरे अधिक संभवनीय वाटते. 1833 सालीच सरकारने पैसा थांबविला होता. कर्ज काढून काम पुरे करणारा सामान्य अधिकारी सेनापतीपुढे किती काळ टिकणार?

1838 च्या ऑक्टोबरात पिकॅडिलीच्या ईजिप्शियन हॉलमध्ये ती प्रतिकृती मांडली गेली. सत्तर हजारांवर शिपाई, नऊ फुटांना एक मैल हे भूमीचे प्रमाण, आणि एक शिलिंग दर्शनी. सुमारे एक लाख लोक पाहून गेले म्हणतात. सायबोर्नच्या हाती मात्र काही लागले नाही. 1844 साली त्याने ब्रिटिश घोडदळाच्या हल्ल्याची दुसरी, मोठ्या प्रमाणाची प्रतिकृती दाखविली. तिच्यातही रॉयल ड्रॅगून आणि स्कॉट्स ग्रे यांच्या गळपट्ट्या निळ्या, इनिस्किलिंगांच्या पिवळ्या असा भेद दाखविण्याचा प्रश्न आलाच. 1849 साली सायबोर्न वारला. पहिली प्रतिकृती लंडनच्या नॅशनल आर्मी म्यूझियममध्ये आहे, दुसरी लीड्सच्या रॉयल आर्मरीजकडे.

आजचा हौशी रंगारी नियमपुस्तक उघडून बसतो तेव्हा त्याची गाठ याच प्रश्नाशी पडते. पुस्तकातला गणवेश संचलनाचा असतो. वॉटर्लूच्या आदल्या रात्री मुसळधार पाऊस झाला होता. टोप्यांवर मेणकापडाच्या खोळी होत्या, विजारी चिखलाने माखलेल्या. चकचकीत शिपाई रंगविणारा नियम पाळतो आणि लढाई खोटी करतो.

असईची मांडणी करू पाहणाऱ्याची अडचण आणखी वेगळी. मराठी फौज म्हटली की भालाईत स्वार रंगवून मोकळे होण्याची विलायती कारागिरांची जुनी खोड आहे. परंतु त्या दिवशी वेलस्लीला खरे झुंजावे लागले ते पोलमनच्या हाताखालच्या शिंदेशाही कवायती पायदळाशी आणि तोफा न सोडणाऱ्या गोलंदाजांशी. डी बॉइन्यने घालून दिलेल्या वळणाच्या या पलटणींचे डगले तांबडे असत, कंपनीच्या शिपायांसारखेच. म्हणजे मेजावर दोन्ही बाजूंना तांबडाच रंग येतो. वॉटर्लूच्या इंग्रज अधिकाऱ्यांना प्रश्नावली गेली. असईच्या त्या गोलंदाजांना कोणी विचारले नाही. त्यांच्यासाठी रंगाऱ्याला शत्रूच्याच कागदांवर विसंबावे लागते.