केकी मूस यांचे टेबल : एका आख्यायिकेची चिकित्सा

पंजाब मेल कोणत्या दिवशी प्रथम धावली, हे रेल्वेच्या इतिहासकारांनी अनुमानाने ठरविले आहे. १९११ मधला खर्चाच्या अंदाजाचा एक कागद आणि १९१२ च्या ऑक्टोबरमधली एका प्रवाशाची तक्रार, एवढाच त्या अनुमानाचा आधार. गाडी दिल्लीस काही मिनिटे उशिरा पोचली, अशी ती तक्रार होती. तिच्यावरून मागे जात जात १ जून १९१२ ही तारीख मुक्रर करण्यात आली. मुंबईच्या बंदरात उतरलेल्या गोऱ्या अधिकाऱ्यांना आणि विलायती टपालाला थेट पेशावरपर्यंत नेणारी ही गाडी मनमाड ओलांडून खानदेशात शिरे आणि चाळीसगाव, पाचोरा, जळगाव, भुसावळ या वाटेने उत्तरेकडे जाई. ज्या ऑक्टोबरात त्या प्रवाशाने आपला त्रागा कागदावर उतरविला, त्याच महिन्याच्या २ तारखेला मुंबईत एका पारशी कुटुंबात केकी मूस यांचा जन्म झाला. या योगायोगात आम्ही काही दैवी संकेत शोधत नाही. परंतु पुढे या माणसाचे आणि या गाडीचे नाव लोकांच्या तोंडी असे काही जोडले गेले की, एकाची गोष्ट सांगताना दुसरीचा उल्लेख टाळता येऊ नये.

पाचोरा, भडगाव, चाळीसगाव या पट्ट्यात ती गोष्ट ठाऊक नसलेला शिकलेला माणूस विरळा. गोष्ट थोडक्यात अशी. मुंबईच्या विल्सन महाविद्यालयात शिकलेला, पुढे इंग्लंडला जाऊन कलेचे व छायाचित्रणाचे शिक्षण घेतलेला तरुण १९३८ च्या सुमारास परततो. त्याचे एका श्रीमंत घरच्या मुलीवर प्रेम असते. त्याच्या आईवडिलांचे दुकान चाळीसगावी. मुंबई सोडून त्या आडगावी राहणाऱ्या मुलाला आपली मुलगी द्यायला तिचे घरचे राजी नसतात. बोरीबंदरावर निरोप घेताना ती त्याला वचन देते, की मी एक दिवस पंजाब मेलने येईन आणि तुझ्यासोबत जेवेन. तेव्हापासून तो रोज रात्री घरात दिवे लावतो, दारे-खिडक्या उघडतो, टेबलावर दोघांचे जेवण मांडतो, गाडी निघून गेली की एकटा जेवतो. ३१ डिसेंबर १९८९ रोजी त्याचा मृत्यू होतो; आणि मग, गोष्ट सांगते, एक जुने पत्र सापडते, ज्यात तिच्या लग्नाची वार्ता असते. ते पत्र त्याने वाचले होते की नाही, याविषयी सांगणाऱ्यागणिक पाठभेद आहेत. तिचे नावही सांगितले जाते. ते येथे लिहिण्याची आम्हांस गरज वाटत नाही. का ते पुढे येईलच.

साहित्याच्या विद्यार्थ्याने या गोष्टीकडे आधी गोष्ट म्हणून पाहावे. घर सजवून, दिवा लावून प्रियकराची वाट पाहणारी नायिका आपल्या काव्यशास्त्राने फार पूर्वी वर्णिली आणि तिला वासकसज्जा असे नाव दिले. अष्टनायिकांतली ही नायिका चाळीसगावात पुरुषरूपाने अवतरते. विरही पुरुष आपल्या परंपरेला अपरिचित नाही; रामगिरीवरचा यक्ष आहेच. पण यक्ष शापामुळे अडकलेला आहे आणि त्याच्या शापाला वर्षाची मुदत आहे. येथे शाप नाही, मुदतही नाही. पाश्चात्त्य वाङ्मयात याच्या अधिक जवळ जाईल ती डिकन्सच्या 'ग्रेट एक्स्पेक्टेशन्स'मधली (१८६१) मिस हॅविशम. लग्नाच्या दिवशी फसवणूक झाल्यावर तिने घड्याळे थांबविली आणि मेजवानीचे टेबल तसेच कुजू दिले. आमच्या गोष्टीतले टेबल मात्र रोज नव्याने मांडले जाते. हा फरक लहान नाही. हॅविशमचे टेबल सूडाचे आहे, चाळीसगावचे आतिथ्याचे. लोकांनी ही गोष्ट इतकी जपली, याचे एक कारण या आतिथ्यात असावे असे आम्हांस वाटते.

आता गोष्टीतल्या धनाकडे वळू. प्रेम एका पारड्यात, पैसा दुसऱ्यात, ही मांडणी मराठी वाचकाच्या हाडीमाशी खिळलेली आहे. देवलांच्या 'संगीत शारदा'मध्ये (१८९९) ती अगदी ठसठशीत दिसते. मुलीचा सौदा करणाऱ्या बापाचे नावच नाटककाराने कांचनभट ठेवले. पैसा तेथे बापाच्या तोंडून बोलतो आणि मुलीच्या वाट्याला तो भोगणे येते. मूस यांच्या आख्यायिकेतही पैसा आईबापांच्या तोंडूनच बोलतो. पण एक महत्त्वाचा भेद आहे. शारदेला निदान स्वतःची पदे आहेत, भीती आहे, संताप आहे. प्रेक्षकाला तिचे मन कळते. आख्यायिकेतल्या मुलीला वचनाच्या एका वाक्यापलीकडे शब्दच नाही. ती आली नाही, एवढ्यावरून तिला श्रीमंतीच्या पारड्यात बसवून आपण मोकळे होतो. तिने खरोखर निवड केली का, तिला निवड करू दिली गेली का, की असे वचन तिने दिलेलेच नव्हते? १९३८ मधल्या एका सुखवस्तू घरातल्या मुलीच्या हाती या गोष्टी किती होत्या, हा प्रश्न कथेला पडत नाही. जिची बाजू आपल्यापर्यंत पोचलेली नाही, तिचे नाव एका बाजूच्या साक्षीत ओढणे आम्हांस अन्यायाचे वाटते, म्हणून ते गाळले.

दुसरी गोष्ट थोडी अप्रिय आहे. आख्यायिका मूस यांना संपत्ती झिडकारणाऱ्याच्या जागी उभे करते. मुंबईतल्या संधी त्यांनी सोडल्या, हे खरेच. पण छायाचित्रण ही त्या काळी गरिबाची कला नव्हती. आपल्या देशात फिल्म बनविण्यासाठी हिंदुस्थान फोटो फिल्म्स ही सरकारी कंपनी १९६० मध्ये स्थापन झाली आणि उटीच्या तिच्या कारखान्यातून उत्पादन सुरू व्हायला १९६७ उजाडले. तोवर बहुतेक फिल्म, कागद, रसायने परदेशांतून येत. त्यातच १९३९ ते १९४५ ही महायुद्धाची वर्षे. आयात मालाची टंचाई आणि चढे भाव. अशा दिवसांत तालुक्याच्या गावी स्वतःची डार्करूम चालविणाऱ्याच्या पाठीशी काही उत्पन्न असणार, हे उघड आहे. रेल्वेच्या मागोमाग खानदेशातल्या गावोगाव पारशी दुकानदार पोचले होते. मूस कुटुंबाचे दुकान त्यांतलेच. तेव्हा प्रेमासाठी धनाचा त्याग केलेला योगी, हे चित्र जरा पुसून घ्यावे लागते. त्यांनी धन सोडले नाही, ते कोठे खर्चायचे ते ठरविले; आणि ते खर्चले यंत्रावर.

यंत्राची आवड हा शब्द येथे आम्ही जाणून वापरतो. कलावंताच्या चरित्रात यंत्र आले की आपले समीक्षक संकोचतात. जणू भिंगाचे, झडपेचे, रसायनांच्या प्रमाणाचे वेड हे प्रतिभेहून कमी प्रतीचे. खानदेशातल्या सामान्य माणसाला हा संकोच नाही. पाचोरा-जामनेर ही अरुंद रुळांची गाडी २०२० मध्ये बंद पडेपर्यंत आमच्या भागाने तिला 'पीजे' म्हणून घरच्या माणसासारखे वागविले. तिच्या गतीची थट्टा केली आणि तिच्या इंजिनाबद्दल अभिमानही बाळगला. असो.

मूस ज्या प्रकारासाठी जगभर ओळखले गेले, तो टेबल-टॉप छायाचित्रणाचा. नावातच सारे आहे. बाहेरचे जग टेबलावर उभे करायचे आणि मग त्याचे छायाचित्र असे घ्यायचे की, पाहणाऱ्याला ते बाहेरचेच वाटावे. या तंत्रात मीठ किंवा पिठी बर्फ होते, कापूस ढग होतो, आरशाच्या तुकड्याचे तळे होते, वाळकी काटकी पर्णहीन वृक्ष म्हणून उभी राहते. पण वस्तू जमविल्या म्हणजे चित्र होत नाही. कॅमेरा वस्तूच्या जितका जवळ न्यावा, तितका स्पष्ट दिसणारा पट्टा उथळ होत जातो. पुढची काटकी रेखीव, तर मागचा डोंगर धूसर. तो डोंगर खरा दिसावा यासाठी भिंगाचे छिद्र बारीक करावे लागते. छिद्र बारीक केले की प्रकाश कमी. म्हणून झडप कित्येक सेकंद उघडी ठेवायची आणि तेवढा वेळ टेबलावरचा मिठाचा कणही हलता कामा नये. प्रकाश एकाच बाजूने यायला हवा, कारण आकाशात सूर्य एकच असतो. दोन दिव्यांच्या दोन सावल्या पडल्या की हिमालयाचा पुन्हा मिठाचा ढीग होतो. मग डार्करूम : डेव्हलपर, हायपो, धुणे, वाळवणे, मोठे करणे, आणि चुकले तर पुन्हा पहिल्यापासून. यासाठी लागतो वेळ, एकांत आणि न हलणारे टेबल.

येथे आम्ही थोडी कल्पना करण्याची मुभा घेतो. मूस यांचे घर चाळीसगाव स्थानकाच्या जवळ. जड मेलगाडी जाताना जवळच्या घरातली भांडी थरथरतात, हा रेल्वेकाठच्या कोणाचाही अनुभव. बारीक छिद्र आणि दीर्घ उघडीप यांचा खेळ मांडून बसलेल्या माणसाला गाडी निघून जाईपर्यंत थांबावेच लागत असेल. गाडीची वाट पाहण्याचे हेही एक कारण असू शकते, आणि त्यात प्रेमभंगाचा काही संबंध नाही. हा पुरावा नव्हे. पण आख्यायिकेला तरी दुसरा कोणता आहे?

एक गोष्ट मात्र कल्पनेवर सोडावी लागत नाही. मेल म्हणजे टपाल. मूस यांना देशोदेशींच्या प्रदर्शनांतून मिळालेल्या पारितोषिकांचा आकडा तीनशेच्या घरात सांगितला जातो. आकडा थोडा इकडे-तिकडे धरला, तरी बहुतांश आयुष्य घरात काढलेल्या माणसाची छायाचित्रे जगभर पोचली, हे निर्विवाद. ती कशी पोचली? अशा प्रदर्शनांची रीत ठरलेली असे : छायाचित्र पुठ्ठ्यावर चढवायचे, मागे नाव व शीर्षक लिहायचे, प्रवेशशुल्कासह टपालाने धाडायचे, निवड झाली की चिठ्ठी यायची, छायाचित्र पुष्कळदा महिन्यांनी परतायचे. चाळीसगावाहून मुंबईच्या बंदराकडे जाणारी पुडकी याच रुळांवरून गेली असणार, आणि फिल्म, कागद, रसायनेही याच रुळांवरून आली असणार. आख्यायिकेतली मेल रोज रिकाम्या हाताने येते. इतिहासातल्या रेल्वेने त्यांना खूप काही आणून दिले आणि त्यांचे खूप काही नेले. ज्याला आपण एकांतवासी म्हणतो, तो चाळीसगावातला जगाशी सर्वांत नियमित पत्रव्यवहार असलेल्या माणसांपैकी एक असावा.

पाठविल्यानंतरचे थांबणे हाही या व्यवहाराचाच भाग. संदेश पोचला, वाचला गेला, याच्या दोन निळ्या खुणा क्षणात पाहणाऱ्या आजच्या विद्यार्थ्याला लंडनच्या प्रदर्शनाकडे गेलेल्या पुडक्याचे काय झाले हे कळण्यासाठी किती आठवडे धीर धरावा लागे, ते मुद्दाम समजावून सांगावे लागते. न उघडलेल्या पत्राची गोष्ट त्याला म्हणूनच अधिक अद्भुत वाटते.

ती मुलगी नव्हतीच, किंवा ते प्रेम खोटे होते, असे आमचे म्हणणे नाही. एका माणसाच्या आयुष्यात दोन्ही असू शकते : रात्री मांडलेले ताट आणि दिवसा मांडलेला मिठाचा डोंगर. दोन्हींसाठी कदाचित टेबलही एकच असेल. परंतु ताटाची गोष्ट सर्वांना पाठ आहे, आणि डोंगर कशाचा होता, प्रकाश कोठून आला, झडप किती वेळ उघडी होती, याची चौकशी क्वचितच होते. त्यांचे घर आज कलादालन म्हणून उभे आहे. छायाचित्रांबरोबरच त्यांची चित्रे, शिल्पे, लाकूडकाम आणि कागदाच्या घड्यांची कलाही त्यांच्या नावे सांगितली जाते. आमच्या महाविद्यालयांतून तेथे सहली जातात. पाचोऱ्याहून गाडीने तासाभराचीही वाट नाही. जाणाऱ्यांनी एखाद्या टेबल-टॉपसमोर उभे राहून त्यातली सावली कोणत्या बाजूला पडली आहे, तेवढे आधी पाहावे आणि मग दिवा कोठे ठेवला असेल ते ओळखावे. पंजाब मेलची गोष्ट परतीच्या गाडीत सांगता येईल.