दोनदा महावीर चक्र

परवा नातवाने विचारलं, "आजोबा, महावीर चक्र दोनदा मिळतं का हो?" मिळतं. आजवर फक्त सहा जणांना मिळालंय. मी मास्तरकीच्या सवयीने लगेच जनरल अरुणकुमार वैद्यांचं नाव सांगितलं आणि गाडी तिथेच अडली! मग शोधाशोध केली, तेव्हा विंग कमांडर पद्मनाभ गौतम भेटले. खरं सांगतो, लाज वाटली. तीस वर्षं इतिहास शिकवला, पण हे नाव वर्गात एकदाही घेतलं नाही. वैद्य आपले मराठी, म्हणून लक्षात राहिले असावेत.

गौतम कॅनबेराचे वैमानिक. १८ डिसेंबर १९६१ ला पुण्याहून उडून दाबोळीच्या धावपट्टीवर बॉम्ब टाकले ते हेच विमान. पाकिस्तानशी युद्ध झालं तेव्हा ही विमानं बहुतेक रात्रीची जायची. अंधारात शत्रूच्या विमानतळापर्यंत पोचायचं, धावपट्टी उखडायची आणि परत फिरायचं. त्यांनी खड्डे बुजवले की पुन्हा जायचं. कॅनबेराच्या एका प्रकारात संकटकाळी बाहेर फेकणारी खुर्ची फक्त वैमानिकाला होती, सोबतच्या नॅव्हिगेटरला नव्हती. हे वाचून मी चष्मा काढून थोडा वेळ तसाच बसलो. सोबत्याचा जीव असा आपल्या हातात घेऊन विमान हाकायचं, तेही विमानविरोधी तोफांच्या माऱ्यात!

पहिलं चक्र १९६५ च्या युद्धातलं. १९७१ ला ते १६ व्या स्क्वाड्रनचे प्रमुख होते. मियांवालीच्या विमानतळावर स्वतः पुढे राहून हल्ले केले, मग माँटगोमेरी-रायविंड भागातली रेल्वे यार्डं. दुसरं चक्र त्याचं. मी तेव्हा सांगलीला बी.ए.ला होतो. खोलीवर रेडिओभोवती आमची गर्दी असायची. बातमीत 'आपल्या विमानांनी' एवढंच ऐकल्याचं आठवतं, नाव कुणाचं नाही.

आणि युद्ध संपून वर्षही झालं नव्हतं, तोच नोव्हेंबर १९७२ मध्ये गौतम पुण्यात मिग-२१ च्या अपघातात गेले. पुणे काही लांब नाही आपल्याला. पण तो बहात्तरचा दुष्काळ. आमच्या कवठे महांकाळकडे माणसं खडी फोडायला जात होती, मी तिथे हजेरी लिहायचो. पेपर हातात पडलाच तर आधी पावसाची बातमी शोधायची. असो.

नातवाला आता दोन नावं पाठ झालीत. उरलेली चार रोज संध्याकाळी मलाच विचारतो!