भांडारकरांचा पिंड



मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू, सरकारने 'सर' केलेले पंडित, त्यातून प्रार्थना समाजाचे, म्हणजे मूर्तिपूजा न मानणारे. अशा डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांचे वारकऱ्यांच्या मासिकात काय काम, असे तुम्ही विचाराल. पण प्रार्थना समाजात उपासनेला उभे राहिले की ते आधार घेत तो तुकोबारायांच्या अभंगांचा.

जन्म मालवणचा, ६ जुलै १८३७. शिक्षण रत्नागिरीला, मग मुंबईला. १८६२ साली त्या विद्यापीठाचे पहिले पदवीधर बाहेर पडले, त्यांत माधवराव रानडे आणि हे. पुढे १८९३ ते १८९५ हेच तिथले कुलगुरू. (आपला करमाडचा मुलूख तेव्हा निजामाकडे. आपल्या मराठवाड्यात विद्यापीठ यायला १९५८ साल उजाडावे लागले.)

माणसाचा पिंड पदावरून कळत नाही. कीर्तनात आपण एक विधान करतो आणि लगेच प्रमाण देतो. भांडारकरांचे उभे आयुष्य तसे गेले, फरक इतकाच की प्रमाण आपल्याला सोयीचे आहे की नाही, हे त्यांनी पाहिले नाही. १८९१ साली त्यांनी विधवा मुलीचे पुन्हा लग्न लावले. त्याच वर्षी संमतिवयाच्या कायद्यावरून रान पेटले, तेव्हा धर्मशास्त्र उघडून शास्त्र आड येत नाही, असे त्यांनी दाखवले. टिळक विरुद्ध बाजूला होते. लोकांचा राग त्यांनी सोसला.

आता आपल्याला झोंबणारी गोष्ट. १९१३ साली त्यांचा वैष्णव आणि शैव पंथांवरचा इंग्रजी ग्रंथ निघाला. त्यात विठोबा-रखुमाईच्या भक्तीला त्यांनी राधाकृष्णाच्या पंथांहून अधिक शुद्ध आणि संयमी म्हटले. वाचून बरे वाटते. पण त्याच ग्रंथात ते म्हणतात, नामदेवरायांचा जन्म परंपरेने शके ११९२, ज्ञानेश्वरी शके १२१२ ची. मग ज्ञानेश्वरीची भाषा इतकी जुनी आणि नामदेवांची इतकी नवी कशी? म्हणून नामदेव नंतरचे असावेत. ज्ञानोबा-नामदेवांची तीर्थयात्रा ज्याने आयुष्यभर गायली, त्याला हे कसे मानवेल?

मला ते पटत नाही, पण रागाने उत्तर देणे बरे नव्हे. प्रमाणाला प्रमाणच हवे. ज्ञानेश्वरी पोथीत राहिली, नाथबाबांनी ती शोधून शुद्ध केली. नामदेवांचे अभंग राहिले ते टाळकऱ्यांच्या मुखात. चाल लावताना अडणारा शब्द गाणारा नकळत आजचा करतो, हे पन्नास वर्षे टाळकऱ्यांपुढे उभे राहून मी पाहिले आहे. सहाशे वर्षांत भाषा नवी दिसू लागली, तर नवल ते काय?

पण हे सिद्ध व्हायला जुने पाठ हवेत. भांडारकरांनी सरकारच्या वतीने गावोगावची हस्तलिखिते जमवली. ती आणि त्यांचा स्वतःचा ग्रंथसंग्रह आज पुण्यात, १९१७ साली त्यांच्या नावाने निघालेल्या संशोधन मंदिरात आहे. आपण मात्र आजोबांचे अभंगांचे बाड वाळवी लागली म्हणून पैठणला गोदावरीत सोडतो. माउली, तुमच्या माळ्यावर असे बाड असेल तर आधी पानापानाचे फोटो काढून घ्या आणि जाणत्या माणसाला दाखवा.