पहिल्या धारेचा शब्द

मराठी समीक्षेची परिभाषा बरीचशी जिभेवरून उचललेली आहे. रस, आस्वाद, रुची, अभिरुची हे सारे शब्द मुळात खाण्यापिण्याचे. भरताने नाट्यशास्त्राच्या सहाव्या अध्यायात रसाची उपपत्ती सांगताना नाना व्यंजनांनी संस्कारलेले अन्न सेवन करणाऱ्याचा दृष्टान्त घेतला. मम्मटाने पानकरसाचा घेतला. सरबतातले घटक आपली वेगळी ओळख सोडतात आणि एक नवीच चव उरते, तसा काव्याचा अनुभव. अशा परंपरेचे वारस म्हणवणाऱ्यांना आपल्याच प्रदेशातल्या एका पेयाची चव सांगता येऊ नये, ही थोडी लाजिरवाणी गोष्ट आहे. मला ती सांगता आली नाही. ते पेय म्हणजे मोहाची दारू, आणि ठिकाण यवतमाळ जिल्हा.

केळापूर, मारेगाव, झरी-जामणी या तालुक्यांत कोलामांच्या वस्त्या आहेत. त्यांना पोड म्हणतात. काही वर्षांपूर्वी चैत्रात अशाच एका पोडावर, घरच्या कार्याच्या निमित्ताने, एका वृद्ध यजमानांनी माझ्या हाती पळसाच्या पानाचा द्रोण दिला. स्वतः घेण्याआधी त्यांनी चार थेंब जमिनीवर सोडले. पूर्वजांचा आणि देवाचा वाटा आधी, ही रीत गोंडांत आहे तशी कोलामांतही. द्रोणातले द्रव्य पाण्यासारखे नितळ होते. वास मात्र दाट: गुऱ्हाळाच्या कढईचा, जुन्या मनुकांचा, आणि त्याखाली काहीसा उग्र, कस्तुरीकडे झुकणारा. जिभेवर प्रथम पुसट गोडी आली, मग धूर, मग घशातून उतरणारी ऊब. आणि सगळे सरल्यावर फुलाचाच हलका तुरटपणा.

हे वर्णन आज, विचार करून लिहिले आहे. त्या वेळी यजमानांनी विचारले, "कशी लागली?" मी म्हणालो, "कडक आहे." ते हसले. "कडक तं सारीच असते. गोडी लागली का?" मग त्यांनी समजावले. फुले वाळताना पाऊस लागला तर वास बिघडतो; नीट न वाळलेली फुले आंबट उतरतात; झाडाझाडाच्या फुलात फरक असतो. मग ते शेजाऱ्याकडे वळून कोलामीत बोलू लागले. त्यांचे मतभेद चालले होते, एवढेच मला कळले. चवीची एक पूर्ण समीक्षा माझ्यासमोर चालू होती आणि तिची भाषा मला येत नव्हती.

मराठीत या दारूविषयीचा सर्वांत रुळलेला शब्दप्रयोग आहे 'पहिल्या धारेची'. भिजवून आंबवलेली फुले भट्टीवर चढवली की वाफ थंड होऊन जी पहिली धार पडते, ती सर्वांत जहाल. पुढची उत्तरोत्तर सौम्य. शब्द नेमका आहे, पण तो जहालपणा मोजतो, चव नव्हे. मद्यार्काचे प्रमाण पाहून कर बसवणाऱ्या अबकारी खात्याची दृष्टीही हीच होती.

वास्तविक या फुलाला साहित्यात प्रतिष्ठा होती. 'रघुवंशा'त इंदुमतीच्या हाती स्वयंवराची माळ आहे ती दूर्वा आणि मधूकाची. 'कुमारसंभवा'त पार्वतीच्या केशरचनेतही मधूकच आहे. मधूक म्हणजे मोह. वधूच्या हातातले हे फूल पुढे गुन्ह्याचा मुद्देमाल झाले. मुंबई इलाख्यात १८७८ च्या अबकारी कायद्याने दारू गाळण्याची सूत्रे सरकारने आपल्या हाती घेतली, आणि १८९२ च्या मोहफुलांच्या कायद्याने ठाणे व कुलाबा जिल्ह्यांत फुले बाळगण्यावरच निर्बंध आणले. त्याच कुलाब्यात उरणच्या भट्ट्यांमध्ये मोहाचीच दारू गाळली जाई. तेव्हा आक्षेप फुलाला नव्हता, कर न देणाऱ्या फुलाला होता. गंमत अशी की याच साम्राज्याच्या आरमाराला झाडापासून केलेल्या पेयाचे वावडे नव्हते. १७७३ मध्ये न्यूझीलंडच्या किनाऱ्यावर कॅप्टन कुकने रिमू आणि मानुका या तिथल्या झाडांच्या डहाळ्या उकळून खलाशांसाठी बिअर करवली, स्कर्व्ही टळावी म्हणून. उत्तरेकडे स्प्रूसच्या कोंबांची बिअर होत असे, तिचाच तो पर्याय. तिथे झाड औषध ठरले, इथे पुरावा.

यवतमाळ मुंबई इलाख्यात नव्हते. वऱ्हाड १८५३ मध्ये निजामाकडून इंग्रजी कारभाराखाली आले आणि १९०३ मध्ये मध्य प्रांताला जोडले गेले. १९३८ मध्ये या प्रांताचा स्वतंत्र दारूबंदी कायदा झाला. राज्यपुनर्रचनेनंतर जिल्हा मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. सत्ता बदलल्या, तरी फूल संशयितच राहिले. मोहफुलांच्या संकलन, साठवण आणि वाहतुकीवरचे निर्बंध महाराष्ट्र शासनाने उठवले ते २०२१ मध्ये.

इथवर आल्यावर एक आक्षेप टाळता येत नाही, टाळूही नये. शेजारच्या चंद्रपुरात २०१५ मध्ये दारूबंदी झाली (ती २०२१ मध्ये उठली), गडचिरोलीत ती १९९३ पासून आहे. यवतमाळातही बायका याच मागणीसाठी रस्त्यावर आल्या. जिच्या घरात रोज मारहाण आहे, तिला चवीच्या परिभाषेचे काय? तिचा प्रश्न माझ्या प्रश्नाहून मोठा आहे. पण 'दारू' या एकाच शब्दात कार्यातला द्रोण आणि रोजची बाटली कोंबली, की तिलाही त्यातून काही मिळत नाही. पोडावर फुले वेचतात त्या बहुतेक बायकाच. पहाटे गळून पडलेली फुले त्या ऊन चढण्याआधी गोळा करतात. त्यांतली काही खाण्यात जातात, काही विकली जातात, काही भट्टीला. फुलाचा हिशेब आपल्यापेक्षा त्यांना नीट ठाऊक आहे.

रसिकाची व्याख्या करताना आपण त्याच्याकडून संस्काराची अपेक्षा करतो. त्या दिवशी पोडावर संस्कार नसलेला माणूस एकच होता, आणि त्याने 'कडक' म्हणून उत्तर दिले होते.